ओटा झाड

माझं तोंड खराब आहे, हे मला ठाऊक आहे. ऑफिसात तर त्याची ख्यातीच आहे. वीस-बावीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीचं काम केलं, आणि मोजणी म्हणजे धुऱ्याची भांडणं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्या हातभर मातीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसतात. त्यांच्या मध्ये उभी राहून मी ओरडते, तेव्हा कुठे टेप सरळ लागतो. घरी आलं तरी तो आवाज लवकर उतरत नाही. आई म्हणते, "तुह्या जिभेले काई हाड हाय का नाई, पोरी?" मी म्हणते, कोणाच्याच नसतं, तुझ्याही नाही.

त्याच जिभेनं यंदा मी आईला जे बोलले, ते सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात आईला ताप आला. सगळे सांधे धरले. ताप उतरला, सांधेही हळूहळू मोकळे झाले, पण जाताना तो ताप तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. काहीही पुढे ठेवा, ती म्हणायची, "माती लागते वं." वरण माती, वडाभात माती, दिवाळीची चकली माती. दोन घास कसेबसे गिळायची आणि ताट सरकवायची. दिवाळी होईस्तोवर तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत. आता औषध एकच, खायला घाला." खायला घाला! जसं काही मी तिला उपाशी ठेवून राहिले होते. माझा तिथेच तिळपापड झाला. पण बाहेर येऊन स्टुलावर बसलेली आई पाहिली, आणि राग कुठच्या कुठे गेला. पातळात गुंडाळलेली एवढीशी बाई. मला भीती वाटली. साधी, सरळ भीती, की ही अशीच घासाघासानं कमी होत जाईल आणि मी ताट हातात घेऊन उभीच राहीन.

घरात आम्ही दोघीच. माझा मुलगा बाहेरगावी शिकतो, त्याचे वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यामुळे स्वयंपाकघरात मी रोज नवा पदार्थ करायची आणि रोज तोच शब्द ऐकायची. एका सकाळी मी वैतागून विचारलं, "मंग तुले पाहिजे तरी काय?" तिनं पुढचं ताट सरकवलं. मग म्हणाली, "पाथरी भेटली असती त दोन घास गेले असते."

पाथरी हे वावरातलं तण. जमिनीला चिकटून पसरतं, पानं लांबट, कडेनं कातरलेली, आणि मोडलं की पांढरं दूध येतं. तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट आणि कच्चं तेल घालून पानं तशीच कालवली की झाला घोळाणा. सोबत ज्वारीची भाकर. माझं सगळं लहानपण या घोळाण्यावर निघालं. नोकरी लागल्यावर मी पाथरी कधी खाल्ली नाही, आणि ती दिसते कशी हेही, खरं सांगायचं तर, विसरून गेले.

हिंगणघाटचा सगळा भाजीबाजार मी पालथा घातला. एक म्हातारी भाजीवाली माझ्याकडे पाहून हसली. "पाथरी कोठची बाई आता? तण उगवाच्या आधीच फवारा मारतेत. माह्याच तोंडाले पाणी आणलं तुमी." मी मेथीची जुडी घेऊन परत आले. मेथीही माती लागली.

त्याच आठवड्यात ऑफिसात एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. अल्लीपूरकडच्या जुन्या मालगुजाराच्या घरातल्या नातसून, पुण्याहून इकडे राहायला आलेल्या. शेजाऱ्यानं धुरा कोरला म्हणून मोजणीचा अर्ज होता. बोलायला गोड. माझ्या टेबलापुढे बसून माणूस गोड बोलतो याचंच मला नवल वाटलं. म्हणाल्या, "मॅडम, मोजणी होईल तेव्हा होईल, पण एकदा आमची बाग बघायला या ना. सात-आठ वर्षं त्या जमिनीत नांगर घातला नाही, औषध मारलं नाही. जे आपोआप उगवलं ते येऊ दिलं. लोक लांबून बघायला येतात."

लोक तण पाहायला येतात, हे ऐकून मला हसू आलं. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, पायऱ्यांची बावडी दाखवली, आमराई दाखवली, आणि माझं हसू तिथेच थांबलं. त्या वावरात माझ्या आईनं उभी जवानी निंदण केलं होतं, म्हणजे हेच तण उपटलं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "कोनाच्या वावरात?"

"मालगुजाराच्या."

"निंदाले?"

"नाई वं. पाहाले. आता त्याहीनं बगीचा केला तथी. आपोआप उगवते त्याचा."

आईनं यावर बराच विचार केला. "म्हंजे निंदलं नाई म्हनून लोकायले दाखवून राह्यले?" असं म्हणून ती हसली. चांगली तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी तेव्हाच ठरवलं, हिला न्यायचं. पाथरीसाठी नेलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खोटं कायले बोलू? पाथरी माझ्या डोक्यातही नव्हती. हवापालट होईल, चार माणसं दिसतील, बाहेर बसून दोन घास जास्त जातील, एवढाच माझा हिशोब होता.

रविवारी सकाळी ऑटो ठरवला. डब्यात भाकर, बेसन आणि तिला पूर्वी आवडायची ती लसणाची चटणी घेतली. आईनं ठेवणीतलं पांढरं पातळ काढलं. "वावरात पांढरं कायले घालते वं?" मी विचारलं. "आता का निंदाले चालली का मी?" ती म्हणाली.

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. फाटकापाशी उतरल्यावर आई पुढे जाईना. फाटक आता नव्हतंच. दोन दगडी खांब तेवढे राहिले होते आणि त्यांच्यावर कसलीशी वेल चढली होती. आई उजव्या खांबाला हात लावून उभी राहिली. ती का थांबली हे मला कळलं, कारण त्या खांबापाशी मीही लहानपणी रोज उभी राहायची.

मी सहा-सात वर्षांची असेन. शाळा सुटली की मी आईला घ्यायला इथवर यायची. आमच्या वस्तीतल्या पंधरा-वीस बाया इथे निंदणाला यायच्या. दिवसभर पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, तण काढायचं आणि त्यातलं खाण्यासारखं जे निघेल, पाथरी, घोळ, तांदुळजा, ते ओट्यात टाकायचं. ओटा म्हणजे लुगड्याचा सोगा कमरेला खोचून केलेली झोळी. निंदणाची भाजी निंदणारीची, हा तिथला कायदा. पीक मालकाचं, तण बाईचं. यावर कोणी भांडत नसे. पण कापूस फुटायला लागला की संध्याकाळी या फाटकात मालगुजाराचा दिवाणजी काठी घेऊन उभा राहायचा. भाजीखाली कोणी बोंडं लपवून नेते काय, ते पाहायला. बाया रांगेनं यायच्या आणि तो एकेकीला म्हणायचा, "ओटा झाड." बाई सोगा सोडायची. भाजी मातीत पडायची. तो काठीनं ती उलटीपालटी करायचा. बाई म्हणायची, "पाहून घ्या जी. कापूस नाई त्यात." मग तो पुढचीकडे वळायचा आणि ही खाली बसून पुन्हा एकेक पान वेचायची. मीही आईच्या जोडीनं वेचायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट गंमत वाटायची.

इतकी गंमत की घर जवळ आलं की मी आईच्या पुढे धावत जायची, सूप आणून चुलीपाशी ठेवायची, हातात लाटणं घ्यायची आणि दारात उभी राहून दिवाणजीचा आवाज काढायची, "ओटा झाड!" आई हसायची. दिवसभर कंबर मोडून आलेली बाई, पण हसायची आणि सुपात ओटा झाडायची. मग आम्ही दोघी पानं निवडायचो. त्या फाटकात तिला काय वाटत असेल, हे मला फार उशिरा सुचलं. सुचलं तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही.

"चाल," आई खांबावरचा हात काढून म्हणाली. "उभी काऊन राह्यली?" जशी काही मीच थांबले होते.

बाग म्हणजे काय, ते मला आत गेल्यावर कळलं. बागेत असतं तसं तिथे काहीच नव्हतं. ना कुंड्या, ना आखीव वाफे, ना चुन्याचे पट्टे मारलेले दगड. जुन्या बैलगाडीची चाकोरी होती, तीच वाट ठेवलेली. दोन्हीकडे कमरेएवढं गवत, पिकून सोन्यासारखं झालेलं. त्यातून कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे वर आलेले. मध्येच पळसाचं झाड, मध्येच बोर. गोठ्याच्या भिंती अर्ध्या पडल्या होत्या आणि त्यांच्या आत रानतुळस माजली होती. बारक्या लाल चिमण्या गवताच्या काडीवर बसायच्या आणि काडी वाकली की उडायच्या. वारा आला की सगळं एका अंगाला झुकायचं. मी आयुष्यभर जमीन मोजली, पण जमिनीकडे असं नुसतं पाहत उभी कधी राहिले नव्हते. छान वाटलं. मला चटकन छान वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

मालकीणबाई टोपी घालून समोर आल्या. आईनं "जय भीम" घातला. त्यांनीही हात जोडून "जय भीम, आजी" म्हटलं आणि आईला बावडीचं थंडगार पाणी दिलं. आईनं तांब्या हातात घेतला, बावडीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि मग प्याली. पूर्वी या बावडीच्या पायऱ्या आमच्या बाया उतरत नव्हत्या. 

"आम्ही इथं काही लावलं नाही," बाई सांगत होत्या. "फक्त थांबलो."

"दिसूनच राह्यलं," आई म्हणाली. "लय तण झालं."

मी कोपरानं ढोसलं. पण बाई मोकळेपणानं हसल्या आणि आईला नावं विचारू लागल्या. मग काय विचारता! काठी टेकत आई पुढे आणि वही घेऊन बाई मागे. "हे रानतुयस. हा आघाडा. हे कुरडू, कवळं असते तवा भाजी होते, आता निबर झालं. हे गाजरगवत, हे काऊन ठेवलं बाई तुमी? हे कोनाचंच नोहे. हे उपडून फेका." ज्या बाईला घरी बोलतं करायला मी तीन महिने डोकं फोडत होते, ती तिथे पोपटासारखी बोलत होती. तिच्या गालावर रंग आला होता.

काही झाडांजवळ लाकडाच्या छोट्या पाट्या रोवल्या होत्या. एका पाटीपाशी आई थांबली. "काय लिवलं?" तिनं विचारलं. मी वाचलं, "पिवळं रानफूल." पाटीखाली जमिनीला चिकटून काहीतरी हिरवं पसरलं होतं, त्याला इवली इवली पिवळी फुलं होती. आई खाली वाकून पाहत राहिली. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "तुमी जा, तो धुरा पाहून या. मी बसते अथी. हात शिवशिवून राह्यले माहे." या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. बाईंसोबत धुरा पाहायला गेले.

धुरा खरंच कोरला होता. मी पावलांनी अंदाज घेतला, बाईंना चार गोष्टी समजावल्या. परत यायला अर्धा तास लागला असेल. येताना पाहिलं, तर वाटेवर एक शहरी जोडपं उभं होतं आणि मोबाईल धरून कशाचा तरी फोटो काढत होतं. कशाचा, ते दोन पावलं पुढे गेल्यावर दिसलं.

माझी आई, घरी उठता-बसता "आई गं" करणारी आई, उकिडवी बसून सरकत होती. निंदताना बाया सरकतात तशी, एका रेषेत. पांढऱ्या पातळाचा ओटा खोचलेला आणि तो फुगून भरलेला. डोक्याच्या वरच मोठी पाटी होती, "पाने-फुले तोडू नयेत." ते जोडपं एकमेकांकडे पाहून हसत होतं. मालकीणबाई माझ्या मागे होत्या. आणि माझ्या अंगातून अशी काही लाज सरसरत गेली की सांगता येत नाही. बाईच्या घरी पाहुणे म्हणून आलो, बाईनं तांब्याभर पाणी हातात दिलं, आणि ही तिचंच तोडून ओटा भरते. मी ओरडले. धुऱ्यावर ओरडते त्या आवाजात.

"आई! ओटा झाड!"

शब्द तोंडातून निघाले आणि मला ऐकू आले. पण तोवर उशीर झाला होता. आई उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. खोचलेला सोगा सोडला, दोन्ही हातांनी धरून झटकला, एकदा, दोनदा, आणि हिरवी पानं तिच्या पायाशी मातीत पडली. मग हात बाजूला धरून ती शांतपणे म्हणाली, "पाहून घे. कापूस नाई त्यात."

मालकीणबाई "अहो आजी, राहू द्या ना, घ्या ना" म्हणत पुढे आल्या. आईनं मान हलवली. मी काय करायला हवं होतं? खाली बसून वेचायला हवं होतं. दिवाणजी निदान बायांना परत वेचू द्यायचा. मी तेवढंही केलं नाही. मी आईचा दंड धरला आणि तिला आमराईकडे घेऊन गेले. जाताना मागे वळून पाहिलं, तर ती बसली होती तिथे गाजरगवताचा गुडघ्याएवढा ढीग होता. मुळासकट उपटलेलं, मुळांची माती झटकून एका दिशेनं रचलेलं. तिनं आधी निंदलं होतं, आणि मगच ओट्यात टाकलं होतं. तिच्या कायद्यानं ते तिचं होतं.

आंब्याखाली मी डबा उघडला. तिनं हात लावला नाही. ऑटोत ती बाहेर पाहत बसली. मी विचारलं, "ते पाथरी होती का?" ती म्हणाली, "पिवयं रानफूल." एवढंच.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. चुकलेल्या माणसानं फार तर चहा करून द्यावा आणि समोरच्यानं तो प्यावा, की झालं. मी चहा दिला. तिनं प्यायला, पण झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन घासांवरून एका घासावर आली. रुसली नव्हती. रुसली असती तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. ती माझ्याशी नीट बोलत होती, अगदी पाहुण्याशी बोलावं तशी. "भूक नाई. तू जेव." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पंचावन्न वर्षांची बाई, कुकरच्या शिट्टीच्या आडोशानं रडत होते.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कपाटातून एक जुनी सुती साडी काढून नेसले, कारण पंजाबी ड्रेसला ओटा होत नाही. आईला सांगितलं, मोजणीला चालले. एसटीनं अल्लीपूर आणि तिथून ऑटोनं थेट त्या दगडी खांबांपर्यंत.

मालकीणबाई मला पाहून चकित झाल्या. मी आडवळणं न घेता म्हटलं, "मला पाथरी पाहिजे. त्या दिवशी आई खुडत होती ती."

"अहो, हवी तितकी घ्या. मी तर त्या दिवसापासून…"

"अशी नाही नेता येत," मी म्हटलं. "आधी निंदीन, मग नेईन. कुठे निंदू ते सांगा."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी तिथेच उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं, खांब, दिवाणजी, काठी, सगळं.  आमच्या घरात हे कोणी कधी सांगितलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याही घरात नाही. मग त्यांनी मला आई बसली होती तीच जागा दाखवली. "आजींनी फक्त पानं खुडली होती," त्या म्हणाल्या. "मुळं सगळी जागेवर आहेत. मी बघितली."

गाजरगवत उपटणं म्हणजे काय, ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. हाताला खाज, गुडघ्यात कळा, कंबर तर कोणी काठी मारल्यासारखी. आई हे दिवसभर करायची आणि संध्याकाळी माझ्या नकलेवर हसायची. दोन तास मी सरकत राहिले. मालकीणबाईही शेजारी येऊन बसल्या आणि उपटू लागल्या.  मग मी पाथरी खुडायला घेतली. ओटा खोचायची माझी ही आयुष्यातली पहिली वेळ. तीनदा सुटला. चौथ्यांदा मी गाठच मारली.

निघताना खांबांपाशी माझे पाय आपोआप थांबले. तिथे कोणी नव्हतं. नुसता वारा होता आणि ती वेल हलत होती. तरी मी क्षणभर उभी राहिले आणि मग बाहेर पडले.

एसटीत मी भरला ओटा मांडीवर धरून बसले. ऑफिसातलं कोणी भेटलं असतं तर म्हणालं असतं, मॅडम बह्याड झाल्या. म्हणो. शेजारच्या म्हातारीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पाथरी होय? कोठं भेटली वं माय?" मी तिला मूठभर दिली. तिनं लगेच पदराच्या टोकाला बांधली.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई दारातच खुर्चीवर बसली होती. तिनं माझी साडी पाहिली, मातीनं भरलेले गुडघे पाहिले, हातावरचे लाल चट्टे पाहिले आणि शेवटी ओट्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते. वाटेत सगळं पाठ केलं होतं, चुकलं माझं, असं बोलायला नको होतं, वगैरे. पण मी नुसती उभी राहिले, ओटा दोन्ही हातांनी धरून.

आई हळूच उठली. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, गेली. पण आतून खुडबूड ऐकू आली आणि ती सूप घेऊन बाहेर आली. सूप माझ्या पायाशी ठेवलं, खुर्चीवर बसली आणि काठी हातात उभी धरून म्हणाली,

"ओटा झाड."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यात हसू होतं. लहानपणी लाटणं धरून उभी असताना माझं असायचं तसंच, खोडकर. मी गाठ सोडायला गेले तर ती निघेना. शेवटी सुटली. मी सुपात ओटा झाडला आणि तिथेच तिच्या पायाशी बसले आणि भोकाड पसरून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तसलं काही आमच्यात नाही. ती पानं निवडायला लागली होती.

"हे काय आनलं वं? हे बकरी खाते. आन हे? अवं, याले लव हाय, पाथरीले लव असते का?" निम्मं सूप तिनं बाजूला टाकलं. "एवढी शिकली. गावाच्या जमिनी मोजते. पाथरी कळत नाई."

"तू कुठं शिकवली?" मी नाक पुसत म्हटलं.

"आता शिकवते. मोडून पाहाव. दूध आलं त आपली." तिनं एक पान मोडलं. टोकावर पांढरा थेंब आला. तो मला दाखवला, आणि ते पान न धुता तसंच तोंडात टाकलं. मी ओरडणार होते, धू तरी आधी. पण तिचं चावणं मध्येच थांबलं. कपाळाला आठी पडली. मी श्वास धरून पाहत होते. आता म्हणेल, माती लागते.

"कडू हाय," आई म्हणाली.

 तिनं दुसरं पान घेतलं, सावकाश चावलं, आणि पुन्हा म्हणाली, "लय कडू हाय वं." तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

"पाहत काऊन राह्यली? भाकर टाक. दोन टाक."